टीम नव्याने उभी करतोय: यंदा अपेक्षेपेक्षा चांगलं कोण खेळेल, हे आधी ओळखता येतं का?

डगआऊट_सोलापूर

सोलापुरातल्या एका बेसबॉल टीमची जुळवाजुळव चालू आहे. नऊ जणांपैकी सहा जण वय, नोकरी, शिक्षण या कारणांनी बाहेर पडले. उरलेली आणि नवी धरून १६ पोरं, त्यातली पाच क्रिकेटमधून आलेली. यंदा कप वगैरे डोक्यात नाही. चार पोरं हेरून त्यांना पोटभर मॅच द्यायच्या, एवढंच ठरलंय. प्रश्न असा की ती चार कोणती?

हाताशी गेल्या मोसमाच्या १४ मॅचची स्कोअरवही आहे, सगळ्या ७ इनिंगच्या. बॉलचा वेग मोजायची रडार गन नाही. बेसबॉल नवं असेल त्यांच्यासाठी: पिचर म्हणजे बॉल टाकणारा. हिट म्हणजे फील्डरच्या चुकीशिवाय, आपल्या फटक्यावर बेस गाठणं. वॉक म्हणजे चार बाहेरच्या बॉलवर मिळालेला फुकटचा बेस, हिट-बाय-पिच म्हणजे बॉल अंगाला लागून मिळालेला. स्ट्राइकआऊट म्हणजे तीन स्ट्राइकवर आऊट. अ‍ॅट-बॅट म्हणजे वॉक वगैरे सोडून उरलेली बॅटिंग, आणि अ‍ॅव्हरेज म्हणजे हिट भागिले अ‍ॅट-बॅट. अर्न्ड म्हणजे फील्डिंगच्या चुकीशिवाय गेलेल्या रन्स. नावं न देता आकडे टाकतो:

क (सेंटर फील्ड): ४२ वेळा बॅटिंग, ३८ अ‍ॅट-बॅट, १६ हिट, ३ वॉक, १ हिट-बाय-पिच, ९ स्ट्राइकआऊट. अ‍ॅव्हरेज ०.४२१.
ख (थर्ड बेस): ४० वेळा बॅटिंग, ३२ अ‍ॅट-बॅट, ७ हिट, ७ वॉक, १ हिट-बाय-पिच, ४ स्ट्राइकआऊट. अ‍ॅव्हरेज ०.२१९.
ग (डावखुरा पिचर): ३१ इनिंग, १४८ बॅटर, ३६ स्ट्राइकआऊट, वॉक आणि हिट-बाय-पिच मिळून १४, होम रन १, हिट ३० (होम रन धरून). २९ रन्स गेल्या, त्यातल्या १९ अर्न्ड.
घ (उजवा पिचर): २८ इनिंग, १२५ बॅटर, १३ स्ट्राइकआऊट, वॉक वगैरे १५, होम रन नाही, हिट २०. १४ रन्स, अर्न्ड ९.
च (बेंचवरचा, वय १७): ११ वेळा बॅटिंग, १ हिट, ४ स्ट्राइकआऊट. वर्षभरात उंची चांगलीच वाढली आहे.

टीमचं अ‍ॅव्हरेज ०.२७०, स्ट्राइकआऊट २५ टक्के, वॉक ८ टक्के. सगळ्यांचं मत 'क' आणि 'घ' वर आहे. माझं मन मानत नाही, पण का ते नीट सांगता येईना.

---

स्कोअरवही

मन मानत नाही ते बरोबरच आहे.

पहिलं काम: प्रत्येकाकडून काय अपेक्षा आहे ती आजच आकड्यात लिहून तारीख टाका. न लिहिता मोसम संपला की जो खेळला तो "मला आधीच माहीत होता" होतो आणि जो पडला त्याचं नाव कोणी काढत नाही. अपेक्षा कागदावर नसेल तर अपेक्षेपेक्षा जास्त म्हणजे कशापेक्षा?

आता ती अपेक्षा काढायची कशी. ४० वेळच्या बॅटिंगमधला आकडा जसाच्या तसा पुढे न्यायचा नाही, त्यात टीमची सरासरी मिसळायची. अमेरिकेतल्या मेजर लीगच्या (तिथली सर्वांत वरची बेसबॉल लीग) अभ्यासात स्ट्राइकआऊटचं प्रमाण साधारण ६० वेळच्या बॅटिंगनंतर भरवशाचं होऊ लागतं, वॉकचं १२० च्या आसपास, आणि बॅटिंग अ‍ॅव्हरेजला कित्येक शे अ‍ॅट-बॅट लागतात. आपल्याकडे पोरापोरांत फरक मोठा असतो, म्हणून हे आकडे निम्म्यावर आणले तरी चालतात. कोणते आकडे आधी खरं बोलायला लागतात तो क्रम मात्र तोच राहतो.

अ‍ॅव्हरेजसाठी २०० अ‍ॅट-बॅट टीमच्या सरासरीने मिसळा. २०० × ०.२७० म्हणजे ५४ हिट.

क: (१६ + ५४) ÷ (३८ + २००) = ०.२९४
ख: (७ + ५४) ÷ (३२ + २००) = ०.२६३

कागदावर दोघांत ०.२०२ चं अंतर होतं, ते ०.०३१ वर आलं. आता 'ख' चे बाकीचे आकडे. स्ट्राइकआऊट १० टक्के. त्यात ३० वेळची बॅटिंग २५ टक्क्यांनी मिसळली तरी साधारण १६ टक्के. वॉक १७.५ टक्के, ६० वेळची बॅटिंग ८ टक्क्यांनी मिसळून जवळपास १२ टक्के. म्हणजे टीमपेक्षा कमी चुकतो, जास्त वॉक घेतो, आणि हे दोन्ही आकडे लवकर खरे ठरणाऱ्या जातीचे आहेत. त्याचं अ‍ॅव्हरेज पडलंय कुठे? मैदानात मारलेल्या २८ बॉलवर फक्त ७ हिट, म्हणजे ०.२५०. 'क' चे २९ बॉलवर १६, ०.५५२. मेजर लीगमध्ये ही सरासरी ०.३०० च्या आजूबाजूला फिरते. आपल्याकडे फील्डिंग कच्ची म्हणून ती वर जाणार, पण ०.५५२ वर अख्खा मोसम कोणी टिकत नाही.

'क' वाईट खेळाडू नाही. पण त्याच्याकडून अपेक्षाच ०.४२१ ची आहे, तेव्हा ती ओलांडणं त्याला जमणार नाही. 'ख' कडून कोणाची काही अपेक्षाच नाही. माझं मत 'ख' ला.

---

पार्कचौपाटी

हिशोब पटला, पण 'क' ला एवढ्यात निकालात काढू नका. मैदानात मारलेल्या बॉलवर जास्त हिट मिळणं हे निव्वळ नशीब नसतं, पळणाऱ्याच्या बाबतीत तर नाहीच. बॅटला बॉल लागल्यापासून पहिल्या बेसवर पाय पडेपर्यंतचा वेळ मोजा. बेसचं अंतर २७.४३ मीटर. मेजर लीगमध्ये उजव्या बॅटरला सरासरी ४.३ सेकंद लागतात, डावखुऱ्याला ४.२, कारण तो पाऊलभर जवळ उभा असतो. मॅचमधले सहा-सात ग्राउंडर (जमिनीवरून गेलेले फटके) मोजा, सरावातले नको. सरावात सगळेच पळतात. आपल्या पोरांची टीम-सरासरी काढा आणि 'क' त्यापेक्षा ०.२ सेकंदाने पुढे असेल तर त्याला २०-२५ पॉइंट (म्हणजे ०.०२०-०.०२५) जास्त द्यायला हरकत नाही.

दुसरं, मैदान. आपली काळी माती. पाणी मारून रोलर फिरवला नाही तर उन्हाळ्यात ती तडकते आणि बॉल छातीएवढा उडतो. जमिनीवर आपटलेला बॉल शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या फील्डरच्या) डोक्यावरून गेला की तो हिट. हे हिट पावसाळ्यानंतरच्या मऊ मैदानावर किंवा बाहेरगावी गवतावर मिळत नाहीत. वहीत 'क' चे १६ हिट घरच्या मैदानावर किती, बाहेर किती ते वेगळे करा.

आणि तिसरं, जरा टोचेल. स्कोअरर कोण होता? आपल्याकडे हातात आलेला बॉल सुटला तरी "जाऊ दे, हिट लिही" असं चालतं, त्यातून बॅटर स्कोअररचा दोस्त असला की लैच. अशा चार नोंदी सुधारल्या की ०.४२१ चं आपोआप ०.३२ होतं.

---

मिट_आणि_मास्क

पिचरवर कोणी बोलेना म्हणून लिहितो. खरी गंमत तिथे आहे.

'घ' च्या ७ इनिंगमागे २.२५ अर्न्ड रन्स, 'ग' च्या ४.२९. म्हणून लोक 'घ' कडे बघतात. आता फील्डरांचा हात लागत नाही एवढंच धरा: होम रन, वॉक, हिट-बाय-पिच, स्ट्राइकआऊट. सूत्र सोपं आहे. होम रन गुणिले १३, अधिक वॉक व हिट-बाय-पिच गुणिले ३, वजा स्ट्राइकआऊट गुणिले २, सगळं भागिले इनिंग. मेजर लीगमध्ये यात ३ च्या थोडा वर एक स्थिरांक मिळवतात, म्हणजे आकडा नेहमीच्या ईआरएसारखा (९ इनिंगमागे अर्न्ड रन्स) दिसतो. टीममधल्या टीममध्ये तुलना करायची असेल तर त्याची गरज नाही.

ग: (१३ + ४२ − ७२) ÷ ३१ = −०.५५
घ: (० + ४५ − २६) ÷ २८ = +०.६८

कमी तेवढं चांगलं. ९ इनिंगमागे सव्वा रनाचा फरक, आणि तो उलट्या बाजूला. मग रन्स का गेल्या? होम रन सोडून मैदानात आलेले बॉल काढा: 'ग' विरुद्ध ९७, 'घ' विरुद्धही ९७. 'ग' च्या मागे फील्डरांनी त्यातल्या ५७ वर आऊट केले, म्हणजे ५९ टक्के. 'घ' च्या मागे ७१, म्हणजे ७३ टक्के. मागे उभी पोरं तीच! 'घ' ला यंदा ७३ टक्के पुन्हा मिळणार नाहीत, त्यातून सहा जुने फील्डर गेलेत.

पण 'ग' चे ५९ टक्के सगळे नशिबावर ढकलू नका. डावखुऱ्या पिचरसमोर उजवे बॅटर जास्त येतात आणि ते बॉल ओढून थर्ड बेस आणि शॉर्टस्टॉपच्या बाजूला मारतात. ती बाजू कच्ची असेल तर 'ग' ला दरवर्षी हाच मार बसेल. 'ग' चं यश थर्ड बेसवर कोण उभा आहे यावर टांगलंय. म्हणून 'ख' ची बॅटिंग बघायच्या आधी त्याच्या हाताची चाचणी घ्या: थर्ड बेसमागून पहिल्या बेसपर्यंत सरळ २० थ्रो, त्यातले किती टप्पा न पडता छातीच्या उंचीवर गेले ते मोजा. १४ च्या खाली असेल तर 'ग' च्या दिवशी तिथे दुसरा माणूस उभा करा.

इथे नेहमी होणारी चूक: 'ग' चांगला म्हटला की त्याला सलग दोन दिवस टाकायला लावतात. अमेरिकेतल्या पिच स्मार्टच्या नियमांप्रमाणे १७-१८ वर्षांच्या पिचरला दिवसाला जास्तीत जास्त १०५ बॉल, आणि ८१ किंवा त्याहून जास्त झाले तर चार दिवस विश्रांती. आपल्या स्पर्धा तीन दिवसांत संपतात, म्हणजे ८१ टाकले की त्याची ती स्पर्धा संपली. ४५ च्या आत थांबवलं तर एक दिवस सोडून परत मिळतो. थकलेल्या हाताने आधी कंट्रोल जातो, वेग नंतर. वॉक वाढले की "पोरगं बिघडलं" म्हणून लोक मोकळे होतात.

---

पहाटे_साडेचार

मेजर लीगमधली चार उदाहरणं देतो, कारण हाच प्रश्न तिथल्या पडत्या टीमांना दरवर्षी पडतो.

डॅलस कायकल, ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज. २०१३ मध्ये टीम ५१-१११ (५१ जिंकल्या, १११ हरल्या) आणि त्याचा ईआरए ५.१५. पण ग्राउंडर काढण्याची कला तेव्हाही होती. २०१४ मध्ये २.९३, आणि २०१५ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग अवॉर्ड. वर 'ग' बद्दल जे लिहिलंय त्याच्या जवळचा प्रकार.

सेड्रिक मलिन्स, बॉल्टिमोर ओरिओल्स. २०१९ मध्ये अ‍ॅव्हरेज ०.०९४, रवानगी खालच्या लीगमध्ये. तो दोन्ही हातांनी बॅटिंग करायचा. २०२१ पासून उजव्या हाताची बॅटिंग सोडून फक्त डावखुरा खेळला. टीम ५२-११० हरली आणि याने ३० होम रन, ३० स्टील (पळून चोरलेले बेस) केले. जुने आकडे इथे काहीच सांगत नव्हते, कारण बॅटर बदलला होता.

जे. डी. मार्टिनेझ. हिवाळ्यात स्विंग मुळापासून बदलून आला. मार्च २०१४ मध्ये अ‍ॅस्ट्रोजने त्याला सोडून दिलं. डेट्रॉइटने घेतलं, आणि त्याच वर्षी ०.३१५ आणि २३ होम रन. १११ मॅच हरलेल्या टीमकडे असलेला हिरा त्याच टीमने फुकट घालवला! म्हणून 'काही बदललंय का' हा प्रश्न प्रत्येक पोराला विचारा: पकड, उभं राहणं, बॅटचं वजन, नवा पिच, चष्मा. होय, चष्मा सुद्धा.

आणि उलटं उदाहरण: ख्रिस शेल्टन, डेट्रॉइट, २००६. एप्रिलमध्ये १० होम रन, सगळ्या वर्षात १६. मोसमाचे पहिले तीन आठवडे बघून वही फाडू नका.

मात्र एक लक्षात घ्या, मलिन्सचं नाव आपल्याला माहीत आहे कारण तो चालला. बदल करून न चाललेले शंभर जण कुठल्याच यादीत नाहीत. बदल झाला म्हणजे खेळाडू सुधारला असं नाही. त्याचे जुने आकडे कमी वजनाचे झाले, इतकंच.

---

डगआऊट_सोलापूर

सगळ्यांचे आभार. वही तपासली: 'क' चे १६ पैकी ११ हिट घरच्या मैदानावर, त्यातले ६ इनफिल्डमधले. म्हणजे पार्कचौपाटी म्हणतात ते खरंय.

'च' बद्दल कोणी बोललं नाही. ११ वेळच्या बॅटिंगवरून काय समजणार, मान्य. मग अशा पोराचं काय मोजायचं? आणि रडार गनशिवाय वेग मोबाइलवर काढता येतो का? माझ्या फोनला सेकंदाला ६० फ्रेमचा व्हिडिओ आहे.

---

स्कोअरवही

येतो. पिचरच्या बाजूला, लांब, आडवा कॅमेरा. प्लेटच्या (बॅटरसमोरची जमिनीवरची पाटी) पुढच्या कडेला एक कोन ठेवा. बॉल हातातून सुटलेली फ्रेम ते कोनवरून गेलेली फ्रेम, मधल्या फ्रेम मोजा. पिचिंग रबरपासून (पिचर पाय टेकवतो ती पट्टी) प्लेटच्या मागच्या टोकापर्यंत १८.४४ मीटर, पुढच्या कडेपर्यंत १८ मीटर धरा, आणि पिचर साधारण १.६ मीटर पुढे येऊन बॉल सोडतो. उरले १६.४ मीटर. ६० फ्रेमच्या व्हिडिओत ३३ फ्रेम लागल्या तर वेळ ०.५५ सेकंद, वेग ताशी १०७ किलोमीटर. ही वाटेतली सरासरी. हातातून सुटतानाचा वेग याहून चार-पाच टक्के जास्त असतो.

---

पहाटे_साडेचार

स्कोअरवही सर, ६० फ्रेम कमी पडतील. ३३ फ्रेममध्ये एक फ्रेम चुकली की ३ टक्के, म्हणजे ताशी ३ किलोमीटर. मोसमभरात पोराचा वेग वाढून वाढून ५ किलोमीटर वाढणार, मग चूक कुठली आणि सुधारणा कुठली? फोनमध्ये स्लो मोशन २४० फ्रेमचं असेल तर ते लावा, १३२ फ्रेम येतात आणि एका फ्रेमची चूक पाऊण टक्क्यावर येते. स्लो मोशनची फाइल सेकंदांत मोजू नका, ती मुळातच ताणलेली असते. फ्रेम मोजा आणि २४० ने भागा. आणि संध्याकाळच्या कमी उजेडात फोन गुपचूप फ्रेम कमी करतो, म्हणून दुपारी चारच्या आत उरका.

---

स्कोअरवही

मान्य, २४० च धरा.

'च' साठी टी (बॉल ठेवायचा उभा स्टँड) लावा. टीपासून जाळी ५ मीटरवर, कॅमेरा आडवा, दहा स्विंग. बॉलने बॅट सोडल्यापासून जाळीला लागेपर्यंत फ्रेम मोजा. ४० फ्रेम म्हणजे ताशी १०८ किलोमीटर. पहिले दोन स्विंग सोडून बाकी आठची सरासरी घ्या. सगळ्यांना एकच बॅट द्या, कारण अ‍ॅल्युमिनिअमच्या दोन बॅटमध्येही फरक निघतो, आणि बॉल कोरडे हवेत. टीममध्ये त्याचा नंबर कितवा येतो तेवढंच बघायचं. ११ वेळा बॅटिंग केलेलं पोर पहिल्या तिघांत आलं तर ते एक हिटचं पोर नाही. दर सहा आठवड्यांनी हीच चाचणी, त्याच मैदानावर. १७ व्या वर्षी उंची आधी वाढते, ताकद मागून येते, आणि मधले काही महिने पोरगं बॉलला उशिरा पोचतं. ते महिने गेल्या मोसमात पडले असतील तर त्याची वही वाईट दिसणारच.

पण त्याला मॅच मिळाल्या तरच यातलं काही दिसेल. चार मॅचमध्ये एकेकदा पाठवण्यापेक्षा सलग पाच मॅच सातव्या-आठव्या नंबरावर ठेवा. ७ इनिंगमध्ये त्या नंबरावर मॅचला दोन-तीनदाच बॅटिंग येते, म्हणजे पाच मॅचमध्ये बारा-तेरा. तेवढ्यात हिट मोजू नका. बाहेरच्या बॉलवर बॅट फिरवतो का आणि दोन स्ट्राइकनंतर काय करतो, एवढंच लिहा.

---

मिट_आणि_मास्क

क्रिकेटमधून आलेल्या पाचांबद्दल दोन ओळी. त्यांचा हात आणि कॅच तयार असतो, म्हणून पहिल्या महिन्यात आऊटफिल्डला ते लै भारी वाटतात आणि लोक तिथेच फसतात. बॅटिंगला मात्र बॅट वरून खाली आणायची सवय. गोल बॅटने त्याचा ग्राउंडर होतो, वर पार्कचौपाटींनी सांगितलेल्या तडकलेल्या मातीवर तो हिटही होतो, आणि चूक झाकली जाते. यांच्या बाबतीत हिट मोजू नका, हवेत सरळ गेलेले बॉल मोजा. वहीत प्रत्येक बॉलपुढे एक अक्षर लिहा: ज जमिनीवरचा, स सरळ, उ उंच. वीस वेळच्या बॅटिंगमध्ये 'स' तीनवरून सहावर गेला तर तो पोरगा पुढच्या वर्षीचा आहे.

ढिल्या बॉलवर पुढे जाऊन मारायची सवय कोणाला आहे तेही बघा. ती सुटायला मोसम जातो.

---

पार्कचौपाटी

माझे चार: ग, ख, च आणि क्रिकेटवाल्यांपैकी ज्याचे 'स' वाढतील तो. 'क' ला खेळवा, पण पहिल्या नंबरावर 'ख' ला पाठवा. वॉक घेणारा पोरगा तिथे लागतो. 'क' दुसरा.

आणि डगआऊट दादा, सहा आठवड्यांची चाचणी घेणार असाल तर तारखा आत्ताच आखा. शहरातलं होम मैदान धरून बसला असाल तर जानेवारीत तिथे सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा (जत्रा) असतो, पाळणे उतरून जागा मोकळी होईपर्यंत टी कुठे लावणार? त्यात मैदान बदललं की क च्या पळण्याचे आणि च च्या टीचे जुने आकडे जुळणार नाहीत. डिसेंबरमध्ये एक चाचणी उरकून घ्या, पुढची फेब्रुवारीत त्याच जागी.

---

डगआऊट_सोलापूर

डिसेंबरचा दुसरा रविवार ठरवला. 'ख' चे २० थ्रो त्याच दिवशी. अपेक्षांचा कागद आज लिहून बॉलच्या पेटीत ठेवतोय, स्कोअररला न दाखवता.